तीन डबे की एक बिल

क्लिफर्ड : नाही म्हणजे नाही. वीज वेगळी, गॅस वेगळा, फोन वेगळा. पूर्वी होतं तसं. त्या एकत्रवाल्यांना आजच्या आज कळव, म्हणावं सोडा आम्हाला.

जॅनिस : कळवायला दोन मिनिटं लागतात, बाबा. आधी हे बघा तरी. डावीकडे आत्ताचं पॅकेज. वीज, गॅस, फोन, इंटरनेट, सगळ्याचं मिळून एक बिल. उजवीकडे तिन्ही कंपन्या वेगवेगळ्या. चष्मा कुठाय तुमचा?

क्लिफर्ड : चष्म्याशिवाय दिसतं मला.

जॅनिस : हो का? मग उजवीकडे किती लिहिलंय?

क्लिफर्ड : जास्त लिहिलंय.

जॅनिस : महिन्याला अठरा पौंड जास्त. आणि इंटरनेट त्यात धरलेलंच नाही.

क्लिफर्ड : इंटरनेट तू आलीस की तुला लागतं. आम्ही दोघं काय करतो त्याचं? हे बघ जॅनी, गुरुवारी हॉस्पिटलातली ती बाई येणार घर बघायला. डॉरीनला इथं पाठवायचं की नाही, ते तिच्या हातात. त्याआधी मला घर होतं तसं हवंय. तुझी आई दारातून आत आली की टेबलावर तिला तिचे तीन डबे दिसले पाहिजेत.

जॅनिस : ते डबे अजून आहेत?

क्लिफर्ड : माळ्यावर होते. काल काढले. शॉर्टब्रेड बिस्किटांच्या डब्यात गॅसची बिलं, चहाच्या डब्यात विजेची आणि राणीच्या राज्याभिषेकाचं चित्र असलेल्या डब्यात फोनची. एकाचा कागद कधी दुसऱ्यात गेला नाही. गॅसच्या ऑफिसातल्या माणसाला त्याच्या बायकोच्या गुडघ्याचं विचारायची ती.

जॅनिस : थांबा. माळ्यावरून काढले म्हणजे? शिडीवर चढलात? एकटे?

क्लिफर्ड : मला काय धाड भरलीय? आइसलंडच्या समुद्रात, डेक बर्फानं पांढरा झालेला असताना जाळी ओढलीयेत मी.

जॅनिस : त्याला पन्नास वर्षं झाली. मघाशी किटली दोन हातांनी धरलीत. पाहिलं मी.

क्लिफर्ड : भरलेली होती किटली.

जॅनिस : अर्धी होती. बरं, समजा आणले डबे परत. आई पुन्हा जिन्याखाली गुडघ्यांवर बसून, दातांत टॉर्च धरून मीटर वाचणार आहे का? त्यासाठीच तर एकत्र घेतलं ना आपण. नोव्हेंबरात ती त्या कपाटात अडकली, तुम्ही तिला ओढून काढलंत, आणि संध्याकाळी मला फोन केलात. 'पोरी, हे तीन-तीन बिलांचं काहीतरी कर,' असं तुम्हीच म्हणालात.

क्लिफर्ड : म्हणालो असेन.

जॅनिस : म्हणालात. आणि मी केलं. मी केलं म्हणूनच तर हे सगळं झालं.

क्लिफर्ड : चहा घे. गार होतोय.

जॅनिस : नकोय मला चहा.

क्लिफर्ड : कोपऱ्यावरून पॅटिस आणलंय. मटण-बटाट्याचं. तुला आवडतं ते.

जॅनिस : बाबा, मला तुम्हाला एक सांगायचंय. क्लीव्हलीजच्या त्या वृद्धाश्रमातून फोन आला होता. आईसाठी समुद्राकडची खोली आहे. शुक्रवारपर्यंत धरून ठेवतो म्हणाले. फॉर्म भरून ठेवलाय मी.

क्लिफर्ड : कुणाला विचारून?

जॅनिस : कुणाला विचारू? तुम्हाला विचारलं तर नाहीच म्हणणार.

क्लिफर्ड : साठ वर्षं माझ्या शेजारी झोपलीय ती. समुद्र तिला माझ्या खिडकीतूनही दिसतो. थोडी मान काढावी लागते, एवढंच.

जॅनिस : आणि परत पडली तर? अकरा ते चार, बाबा! पाच तास स्वयंपाकघराच्या फरशीवर, खुबा मोडलेला. गळ्यातलं बटण दाबून दाबून तिच्या अंगठ्यावर वळ उठला होता. बटण दाबलं की भिंतीजवळच्या पेटीनं फोन लावायचा, पलीकडून कुणीतरी 'डॉरीन, बऱ्या आहात ना?' म्हणून विचारायचं. कोण विचारणार? आपण फोन नव्या कंपनीला दिला, त्यांनी तो खिडकीपाशी नेला, आणि बटणाची पेटी तशीच जुन्या खोबणीत. पाच महिने मुकी.

क्लिफर्ड : दिवा लागलेला असायचा तिचा. हिरवा. दर शनिवारी फडकं मारायचो मी तिच्यावरून.

जॅनिस : दिवा विजेवर लागतो. लाईन मेलेली होती.

क्लिफर्ड : आता कळलं ते.

जॅनिस : नव्या कंपनीचा तो फॉर्म मी कुठं भरला माहितीय? गाडीत. ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, एका हातात सँडविच धरून. घरात कुणाच्या गळ्यात असलं बटण आहे का, हे त्यांनी कुठंतरी विचारलंच असणार ना? कुठला चौकोन मी न वाचता सोडला, ते मला आठवतसुद्धा नाही. रोज पहाटे तेच आठवत बसते. माझा माझ्यावर भरवसा उरला नाही, बाबा. म्हणून म्हणते, तिथं नर्स असतात, त्यांच्या हाती देऊ तिला. मी पुन्हा काहीतरी विसरीन.

क्लिफर्ड : तू काही विसरली नाहीस.

जॅनिस : उगीच समजूत काढू नका.

क्लिफर्ड : समजूत नाही. त्या फॉर्मवर तो प्रश्न नव्हताच.

जॅनिस : तुम्हाला काय माहीत? तुम्ही पाहिलात फॉर्म?

क्लिफर्ड : फॉर्म नाही पाहिला. पण तो प्रश्न त्यांनी फोनवर विचारला. मला.

जॅनिस : कधी?

क्लिफर्ड : तू फॉर्म पाठवलास त्याच्या तिसऱ्या दिवशी. सगळं नक्की करायला एका मुलीचा फोन आला. बुधवार होता. डॉरीन इथंच, तू बसलीयस त्याच खुर्चीत, बटाटे सोलत होती. मुलीनं नाव विचारलं, पत्ता विचारला. मग म्हणाली, फोनच्या लाईनवर चालणारं मदतीचं बटण वगैरे कुणी वापरतं का घरात? मी तोच प्रश्न मोठ्यानं डॉरीनला विचारला. तिनं मान हलवली. अशी. हातातली सुरीसुद्धा हलवली.

जॅनिस : आणि तुम्ही?

क्लिफर्ड : मी म्हणालो, नाही.

जॅनिस : तुम्ही नाही म्हणालात.

क्लिफर्ड : तुला ठाऊक आहे ती कशी आहे. बिंगोला जाताना बटण ब्लाउजच्या आत ढकलायची. शेजारच्या पेगीनं दोरी पाहिली, तर लॉकेट आहे म्हणून सांगितलं. एकदा कुठं यादीत नाव गेलं की सगळं गाव येऊन हात धरून रस्ता ओलांडायला लावेल, म्हणायची. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, 'शाब्बास, क्लिफ.' मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला बरंच वाटलं.

जॅनिस : म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं.

क्लिफर्ड : त्या दिवशी दार उघडलं आणि तिला फरशीवर पाहिलं, तेव्हाच कळलं. अँब्युलन्स यायच्या आधी.

जॅनिस : तीन आठवडे झाले, बाबा.

क्लिफर्ड : हो.

जॅनिस : हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. म्हणाले, माझ्यामुळं आई थंड फरशीवर पडून राहिली. तुम्ही काय म्हणालात तेव्हा? आठवतंय?

क्लिफर्ड : आठवतंय.

जॅनिस : सांगा ना.

क्लिफर्ड : 'होतं असं, पोरी,' म्हणालो.

जॅनिस : होतं असं! मला थोपटत होतात तुम्ही. माझ्या पाठीवरून हात फिरवत होतात. माझ्या नवऱ्यासमोर, माझ्या मुलींसमोर मी मान खाली घालून बसले, आणि तुम्ही समोर बसून पुडिंग खात होतात!

क्लिफर्ड : रोज वाटायचं, उद्या सांगू. मग तू यायचीस, डोळे सुजलेले असायचे, आणि वाटायचं, हिला आत्ता सांगितलं तर ही परत यायचीच नाही. लाज वाटली, जॅनी. अजून वाटतेय. म्हणून म्हटलं, ते एकत्रवालेच नकोत घरात. त्यांचं बिल आलं की वरती त्यांचं नाव दिसतं, आणि मला ती सुरी दिसते.

जॅनिस : म्हणजे अठरा पौंड जास्त देऊन तुम्ही ते 'नाही' गाडून टाकायला निघाला होतात. डबे, गॅसवाल्याच्या बायकोचा गुडघा, सगळं त्याच्यासाठी.

क्लिफर्ड : सगळं नाही. डबे तिच्यासाठी आहेत.

जॅनिस : मला आत्ता तुमच्याकडं बघवत नाहीये.

क्लिफर्ड : नको बघूस. पण जाऊ नकोस.

जॅनिस : कुठं जाऊ? गाडीत बसले तर तिथंच रडत बसेन.

क्लिफर्ड : पॅटिस गरम करू?

जॅनिस : गप्प बसा हो जरा, बाबा.

क्लिफर्ड : बसतो.

जॅनिस : ऐका. एकत्र ठेवा नाहीतर वेगळं करा, तो प्रश्न सगळेच विचारतात. वेगळं केलंत तर वीजवाले विचारतील, गॅसवाले विचारतील, फोनवाले विचारतील. तीनदा उत्तर द्यावं लागेल. द्याल?

क्लिफर्ड : देईन की.

जॅनिस : मला खात्री नाही. म्हणून आधी जिथं खोटं बोललात, तिथं खरं बोला. आत्ता. माझ्यासमोर. मी ऐकते, आणि मग शुक्रवारी वृद्धाश्रमाला काय कळवायचं, ते ठरवते.

क्लिफर्ड : डॉरीनला एकदा विचारून…

जॅनिस : तिला विचारलंत तेव्हा काय झालं?

क्लिफर्ड : दे. नंबर लाव.

(जॅनिस नंबर लावते आणि फोन स्पीकरवर करून डब्यांच्या मधोमध ठेवते. बऱ्याच वेळानं पलीकडून सोफी नावाची मुलगी बोलू लागते.)

सोफी : …थांबावं लागलं त्याबद्दल माफ करा. मी सोफी बोलतेय. आपलं नाव आणि जन्मतारीख सांगाल?

क्लिफर्ड : क्लिफर्ड रिग्बी. सात मार्च त्रेचाळीस.

सोफी : धन्यवाद, मिस्टर रिग्बी. फ्लीटवुडचं घर, चारही सेवा आमच्याकडे. काय मदत करू?

क्लिफर्ड : नोव्हेंबरात तुमच्यातल्या कुणीतरी मला एक प्रश्न विचारला होता. मी उत्तर चुकीचं दिलं.

सोफी : काही हरकत नाही, आपण दुरुस्त करू. कुठला प्रश्न होता?

क्लिफर्ड : बटणाचा. तुम्हीच विचारा परत. जसा विचारता तसा.

सोफी : बरं. आपल्या घरात फोनच्या लाईनवर चालणारं मदतीचं बटण कुणी वापरतं का? किंवा वय, आजारपण यामुळं वीज, फोन बंद पडल्यास कुणाला धोका होऊ शकतो का?

क्लिफर्ड : हो.

सोफी : त्यांचं नाव?

क्लिफर्ड : डॉरीन रिग्बी. माझी बायको. गळ्यात बटण आहे. लॉकेट नाही, बटण आहे. पडली तर तिला एकटीला उठता येत नाही. तिला हे लिहिलेलं आवडणार नाही, पण तुम्ही लिहा.

सोफी : लिहिलं. ती पेटी नव्या लाईनला जोडायला आमचा माणूस उद्या सकाळी येईल, आणि वीज गेली तरी फोन चालावा म्हणून बॅटरी बसवून देईल. या नोंदीत आणखी कुणाचं नाव घालायचंय का?

जॅनिस : नाही, बस, एवढंच…

क्लिफर्ड : थांब, जॅनी. मिस, एक मिनिट थांबा हं.

सोफी : सावकाश सांगा, सर.

क्लिफर्ड : जॅनी, ती पडली त्या दिवशी फेरीबोटीच्या धक्क्यावर जुनी मंडळी भेटली, गप्पांत वेळ गेला, असं सांगितलं होतं मी. कुणी भेटलं नव्हतं. साडेअकराला परत निघालो होतो, तर पाय उचलेनात. बाकावर बसलो. उठायला गेलो की परत बसत होतो. समोरून माणसं जात होती. एकालाही हात करून बोलावलं नाही मी.

जॅनिस : चार वाजेपर्यंत?

क्लिफर्ड : चार वाजेपर्यंत. हे ऐकून तू आम्हा दोघांनाही तिकडं पाठवशील, ठाऊक आहे मला. तरी सांगतोय.

सोफी : मिस्टर रिग्बी? नाव सांगताय ना?

क्लिफर्ड : माझंच लिहा.

सोफी : लिहिलं, सर. आत्ता घरात बटण एकच आहे, बरोबर?

जॅनिस : आत्ता एक आहे. गुरुवारपर्यंत दोन होतील. आई घरी येतेय.