मागून आणलेली आई

बायांनो, तुम्ही हसाल, पण माझा जीव टांगणीला लागला होता. गावी जायला आठच दिवस उरले होते आणि आमची सहा वर्षांची सई मला ‘आई’ म्हणेना. सारखं ‘मम्मा’! सासूबाई म्हणणार, मस्कतला राहून पोरीला हेच शिकवलंस?

अल् खुवैरला ज्या फिनलंडच्या मॅडमकडे मी स्वयंपाकाला जाते, तिचा नवरा जर्मन. सईनं माझं रडगाणं मॅडमला इंग्लिशमध्ये सांगितलं. मॅडम हसून बराच वेळ काहीतरी बोलली.

सई मला म्हणाली, “मम्मा, मॅडमची भाषा खूप लांबून आली, उरल डोंगराकडून. मग अंकलचे खूप खूप जुने लोक शेजारी झाले. आईचा वर्ड मॅडमच्या लोकांनी त्यांच्याकडून घेतला. अजून तोच बोलतात.”

“म्हणजे आईसुद्धा मागून आणलेली?”

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सईनं हेच सांगितलं. “आजी, फिनलंडवाल्यांनी आई शेजाऱ्यांकडून आणली.”

“मग परत कधी देणार?”

“देणारच नाहीत.”

“शेजारी सगळीकडे सारखेच गो! आमची किसणीपण अजून आली नाय.”

सईनं फोन माझ्या हातात कोंबला.

“आई, तूच बोल. आजीला काही समजतच नाही!”