रुबाब चुलीत घाल

जिम्नॅस्टिक्सच्या संघनिवडीच्या हॉलबाहेर दोघी बहिणी कुजबुजत होत्या आणि शेजारच्या बाकावरच्या म्हातारीचे कान तिकडेच होते.

"ताई, मागच्या निवडीत हातांवर अंग तोललं नि लगेच कोसळले. आजही तसंच झालं तर?"

"होणारच! छाती फुगवून खांद्यांची पाती मागे आवळतेस, खांदे कानाला भिडवतेस."

"रुबाबदार दिसतं गं."

"रुबाब चुलीत घाल! पाती खाली दाब, बाजूंना पसरू दे. आजी, ही रिकामी खुर्ची धरता? दुसरी मी धरते."

"धरते की! पण पोरी, माझ्या पायावर पडू नकोस."

पोरीनं दोन्ही खुर्च्यांवर तळवे रोवले आणि अंग उचललं.

"अगं बाई, पाय अधांतरी नि अंगाला थरथर नाही!"

"ताई, हलकं वाटतंय!"

"उतर, आत बोलावतायत."

"त्यांनाच बाहेर बोलाव. मी आता उतरत नाही!"