पाव आटा

...नाही, म्हणजे स्क्रूचा पाव आटा, पाव फेरा म्हणजे नक्की किती, हे मला कुणीतरी एकदा नीट सांगाच हो! पाव कप लोणी मागा, डोळे मिटून काढून देते. बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पावणेतीनशे पोरांना जेवू घातलंय मी, पाव म्हणजे काय ते मला शिकवू नका! पण आमचा डेलमर... डेलमर म्हणजे माझा थोरला दीर, माझ्या नवऱ्याचा, लायलचा मोठा भाऊ, म्हशीसारखा शांत आणि तेवढाच हट्टी... तो उठता-बसता एकच सांगणार, ‘पोरी, पाव आटा. फक्त पाव आटा.’ पोरी! अठ्ठावन्न वर्षांची आहे मी! उजवा गुडघा बदलायला झालाय, आणि हा मला पोरी म्हणतो!

तर तुम्हाला सांगते, हे सगळं सुरू कुठून झालं. आमच्या प्लम क्रीकच्या नेमबाजी क्लबात दर ऑगस्टमध्ये रिव्हॉल्व्हरचा चषक असतो. पन्नास गोळ्या, पाचशे गुण, बाया-बाप्ये सगळे एकाच रांगेत. गेली तीन वर्षं चषक कुणी नेला? मी! या हातांनी! आणि टाळ्या कुणी नेल्या? डेलमरनं! कारण काय, तर माझी काडतुसं तो भरून द्यायचा. आमच्याकडे उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या गोळा करून घरीच पुन्हा भरतात. विकतची आणणाऱ्याकडे आमचे लोक कसे बघतात सांगू? चर्चच्या जेवणाला विकतचा ॲपल पाय आणणाऱ्या बाईकडे बघतात ना, तसे! म्हणून मी आपली डेलमरकडून घ्यायची. मग बक्षीस मिळालं की जेवणाच्या वेळी हा कागदाची प्लेट हातात घेऊन उभा राहणार, घसा खाकरणार आणि विचारणार, ‘मंडळी, गोळ्या कुणी भरल्या?’ की सगळा मांडव, ‘डेलमरनं!’ आणि टाळ्या! मी तिथे चषक मांडीवर घेऊन बसलेली, जशी काही त्याची पिशवी सांभाळतेय!

तिसऱ्या वर्षी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीत बसल्या बसल्या मी लायलला म्हटलं, ‘पुढच्या वर्षी माझी काडतुसं मी भरणार, आणि चषक त्याच्या नाकावर टिच्चून नेणार.’ लायल म्हणाला, ‘हं.’ पस्तीस वर्षं संसार झालाय आमचा, त्यातली तेहेतीस वर्षं ‘हं’ मध्ये गेलीत. पण हे ‘हं’ जरा बरं होतं.

मार्चमध्ये सामान आणलं. तळघरात, डीप फ्रीजरच्या शेजारी, लायलनं मला जाडजूड फळीचं टेबल करून दिलं, त्यावर प्रेस, म्हणजे दांडा ओढून पुंगळी दाबायचं यंत्र, घट्ट बसवली. आणि मग त्या तीन डाय! दिसायला काय, अंगठ्याएवढ्या जाड, आटे पाडलेल्या पोलादी नळ्या. पहिली काय करते, तर उडून फुगलेल्या पुंगळीला दाबून परत मापात आणते आणि बुडातली जळकी टिकली काढून टाकते. दुसरी पुंगळीचं तोंड जरासं उघडते. तिसरी त्यात शिसं, म्हणजे शिशाची गोळी, बसवते आणि तोंड मुरडून बंद करते. झालं! प्रत्येक डाय प्रेसच्या डोक्यात फिरवून बसवायची, हवी तेवढी खाली आली की तिची रिंग आवळायची, संपला विषय. मी म्हटलं, ह्यात काय आहे? ह्याच्यासाठी हा माणूस चाळीस वर्षं गावभर छाती काढून फिरतोय? मी पावणेतीनशे पोरांचा मीटलोफ सकाळी अकराच्या आत करते!

आता सोबत जो कागद आला होता ना, त्यात लिहिलेलं, डाय पुंगळी धरणाऱ्या खालच्या होल्डरला टेकेपर्यंत फिरवा, मग आणखी पाव आटा खाली घ्या. ठीक! घेतला! दांडा ओढला तर प्रेसमधून असा काही कर्रर्र आवाज... माझ्या दातातलं सिमेंट हललं. फोन केला दुकानात, वेंडेलला. वेंडेल म्हणजे आमच्या गावातल्या शेतीच्या दुकानाचा काउंटरवाला, ट्रॅक्टरच्या पट्ट्यापासून काडतुसांपर्यंत सगळ्यातलं त्याला कळतं, निदान तो तसं बोलतो तरी. तो नाकातून, ‘अगं अर्डिथ, तुझ्या डायच्या तोंडाशी कार्बाइडची कडी आहे, ठासलीस तर तडकेल! टेकली की पाव आटा वर घ्यायची, वर!’ मग रविवारी डेलमरला विचारलं, तर तो टोपी मागे सारून, ‘वेंडेलला काय कळतंय! पाव आटा खाली, पोरी. चाळीस वर्षं.’ आता मला सांगा, एक म्हणतो पाव आटा वर, एक म्हणतो पाव आटा खाली, दोघांचंही ऐकलं तर डाय आहे तिथेच राहते की नाही? आणि तुम्हाला सांगते, ती तिथेच बरोबर होती! टेकवली, जराशी, केसभर वर घेतली, रिंग आवळली, आणि पुंगळी अशी सुरेख निघाली! मी लगेच लाल नेलपॉलिशनं डायपासून प्रेसवर एक रेघ मारली. हलली की कळेल. आहे की नाही डोकं?

पहिली डाय जमली, दुसरी जमली, आणि माझा जरा... काय म्हणतात... हुरूप वाढला. लायलला म्हटलं, ‘ही तिसरी बघ, पाच मिनिटांत.’

पाच मिनिटं! अहो, पाच आठवडे!

शिसं तोंडाशी ठेवायचं, दांडा ओढायचा, की पुंगळी मधोमध अशी चेपायची, जसा आमच्या पोल्का बँडमधला अकॉर्डियन कुणी जोरात मिटला! पुन्हा. पुन्हा चेपली. पाव आटा वर घेतली, शिसं आत जाईना. पाव आटा खाली घेतली, पुंगळीच आत गेली. लायल वाटाण्याची पिशवी घ्यायला फ्रीजरपाशी आला, माझ्याकडे बघितलं, चेपलेल्या पुंगळ्यांच्या बादलीत बघितलं, ‘हं’ म्हणाला आणि वाटाणे न घेताच वर गेला. पासष्ट पुंगळ्या! मी मोजल्या नव्हत्या हो, डेलमरनं मोजल्या! चर्चमधून थेट आमच्याकडे, न बोलावता, तळघराच्या पायऱ्या उतरून, बादलीपाशी वाकून, एकेक काढून, मोठ्यांदा! ‘पासष्ट,’ म्हणाला, ‘पोरी, कशाला जिवाला लावून घेतेस? मी देतो की भरून. दर वर्षी देतोच की.’

खरं सांगू? त्या वेळी मला रडूच यायचं बाकी होतं. चांगुलपणानंच बोलत होता हो, तेच तर! वाईट बोलला असता तर बादली डोक्यावर उपडी केली असती. मी म्हटलं, ‘डेलमर, भरून नको, दाखव.’

नेलं मला त्याच्या शेडमध्ये. आता त्याच्या शेडचा नियम काय, तर दुसऱ्याच्या डायला हात लावायचा नाही! अकरा वर्षं हे ऐकतेय मी. बघायचं, लांबून. मी आपली पाठीमागे हात बांधून उभी, देवळात आल्यासारखी. त्यानं आपल्या तिसऱ्या डायची रिंग सैल केली, म्हणाला, ‘बघ, पाव आटा...’ आणि बाहेर टिनावर एक टणक! दुसरी टणक! गारा! बटाट्याएवढ्या! आणि ह्याचा नवा पिकअप अंगणात उघडा! ‘पिकअप!’ असा ओरडला आणि जो धावला... त्याच्या सत्तरीत मी त्याला पळताना पहिल्यांदा बघितलं. मी शेडच्या दारातून हसत होते, आणि वळून बघितलं तर ती रिंग तशीच, सैल. माझा हात पुढे गेला होता बरं का. पण म्हटलं, नको! दुसऱ्याच्या डायला हात लावायचा नाही. आवळेल की तो, चाळीस वर्षं ह्यात मुरलेला माणूस आहे!

पण दाखवायला पाव आटासुद्धा न फिरवता त्यानं मला एक गोष्ट दाखवलीच. त्याच्या डायमधून शिसं ढकलणारा मधला दांडा वर निघालेला मी बघितला होता. घरी येऊन रुबार्बच्या, म्हणजे आमच्याकडच्या आंबट देठांच्या, पायची कड मुरडत होते, आणि हात तसाच थांबला. अहो, ही बया दोन कामं करते! शिसंही तीच बसवते आणि तोंडही तीच मुरडते! आणि मी मूर्ख शिसं आत जायच्या आधीच तोंड मुरडायला लावतेय! आधी सारण, मग मुरड! हे मला बावीस वर्षं येतंय! तशीच पिठाच्या हातांनी तळघरात. डाय वर उचलली, नुसत्या मधल्या दांड्यानं शिसं बेतानं खाली बसवलं. मग तो मधला दांडा वर फिरवून मोकळा केला, डाय खाली आणत गेले, अगदी हळू, तोंड आत वळलेलं बोटाला लागेपर्यंत. दांडा परत टेकवला, रिंग आवळली, नेलपॉलिशची रेघ. हे सगळं नुसत्या नमुन्याच्या पुंगळीवर बरं का, ना दारू ना टिकली. नमुना रिव्हॉल्व्हरच्या भोकात सोडला... टुक! आपल्या वजनानं आत! मी लायलला हाक मारली, पुन्हा सोडून दाखवला. टुक! लायल म्हणाला, ‘अरे वा.’

दोन शब्द! मला वाटलं ह्याला बरं नाही की काय!

मग मी शंभर भरली. दारूचं माप पुस्तकात बघून, तराजूवर, एकेक. प्रत्येक काडतूस भोकात सोडून बघायचं, टुक वाजलं तरच डबीत. त्यातली अगदी उजवी पन्नास निवडून निळ्या डबीत ठेवली, चषकासाठी. उरलेली पन्नास पुठ्ठ्याच्या डबीत. तीही वाईट नव्हती हो! पण निळी ती निळी.

आला ऑगस्ट. आमच्या शेजारच्या टेबलावर डेलमर. मला म्हणतो, ‘अजून विचार कर, पोरी, माझ्याकडे जास्तीची आहेत.’ मी नुसती निळी डबी टेबलावर ठेवली. ह्यानं रिव्हॉल्व्हर उघडलं, पहिलं काडतूस आत गेलं. दुसरं गेलं. तिसरं अर्ध्यात अडकलं. अंगठ्यानं ढकललं, जाईना. चौथं, तेही नाही. पाचवं नाही. मान अशी बीटासारखी लाल! पंचांनी पाच मिनिटं दिली. सगळी रांग बंदुका खाली ठेवून इकडे बघतेय, चाळीस वर्षांत पहिल्यांदा डेलमरची काडतुसं अडकलीत! मी एक उचललं, उन्हात धरलं. तोंडाच्या जरा खाली पोट सुटलेलं, केसभर. मी म्हटलं, ‘डेलमर, गारांच्या दिवशी रिंग आवळायची राहिली तुझी. डाय सरकत गेली.’

‘मी बघितली नाहीत तपासून,’ म्हणाला, ‘चाळीस वर्षं कधी लागलंच नाही.’

‘मग हे एकेचाळिसावं.’

आणि तुम्हाला सांगते, तो खाली बसला. घरी परत जायला म्हणून बॅग आवरायला लागला. आता मला सांगा, अशा वेळी माणूस काय करतो? जास्तीची पुठ्ठ्याची डबी देतो! हो ना? कुणीही शहाणं माणूस पुठ्ठ्याची देईल! पण माझ्या डोक्यात काय आलं, की पुठ्ठ्यातलं एखादं जरी कुरकुरलं, तर हा मला मरेपर्यंत ऐकवेल. आणि सगळा क्लब बघतोय! कळू दे की एकदा, अर्डिथ कशी भरते ते! म्हणून मी ऐटीत, सगळ्यांना दिसेल अशी, निळी डबी त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, ‘घे. पन्नास आहेत.’

त्यानं एक सोडलं. टुक. माझ्याकडे बघितलं. दुसरं सोडलं. टुक. मला वाटलं आता बोलेल काहीतरी. पण पंच म्हणाले, तयार.

पुठ्ठ्यातल्या काडतुसांनी मीही वाईट नाही मारलं. चारशे बासष्ट. गेल्या वर्षीपेक्षा दोन जास्तच!

डेलमर, चारशे त्रेसष्ट.

मांडवात मी ॲपल पायची सुरी हातात घेऊन ताठ बसले होते, केसबीस सारखे करून. म्हटलं चषक गेला तर गेला, पण आज ह्याला उभं राहून माझं नाव घ्यावंच लागेल. डबी सगळ्यांनी बघितलीय! डेलमर उठला. घसा खाकरला. चषक उंच धरला, आणि म्हणाला, ‘मंडळी, शेवटी काय, हात पाहिजे हात! काडतुसं काय, कुणीही भरतं.’

आणि काय टाळ्या! लायलनंसुद्धा वाजवल्या! सगळ्यांत जोरात कुणी वाजवल्या माहितीय? मी! सुरी खाली ठेवून, दोन्ही हातांनी! बायका म्हणाल्या, काय बाई मोठं मन अर्डिथचं. कसलं मोठं मन घेऊन बसलाय! अहो, माझी पन्नासच्या पन्नास उडाली, एक अडकलं नाही!