मोठ्या जावयाच्या नावाची साइज

मोठ्या जावयाचा जीव कुठं अडकते, ते सांगतो. पांढुर्ण्यात माह्यं पत्रिका छापाचं दुकान हाये. बोरगावचे एक मोठे जावई साळ्याच्या लग्नाची पत्रिका तपासाले आले. स्क्रीन पाहून म्हणे, "काहून बाबू, धाकट्या जावयाचं नाव माह्याएवढंच?"

म्हटलं, "भाऊ, दोघायच्या नावाआंधी अक्षराच्या साइजचा एकच कोड टाकला हाये, 'जावई' म्हणून. कोडची साइज बदलली का दोघंबी बदलतात."

"मंग वाढव."

वाढवली. धाकट्याचंबी नाव वाढलं.

"अजून वाढव!"

आता दोघं जावई नवरदेवापेक्षा मोठे दिसून राहिले होते. भाऊचं तोंड उतरलं. वेगळा कोड बनवता येत होता, पण त्यायनं विचारलंच नाही.

"मंग त्याचं लहान कर."

"तुमचंबी होईन."

"होऊ दे!"

करत गेलो. दोन्ही नावं मुंगीएवढी झाली. भाऊनं चष्मा लावून स्क्रीनले नाक टेकवलं.

"त्याचं वाचता येऊन राहिलं का तुले?"

"नाही."

"अन् माह्यं?"

"तुमचंबी नाही, भाऊ."

आल्यापासून पहिल्यांदा हासले. म्हणे, "छाप!"