बंगल्याच्या ब्रेकरचा तडा

शिव्या घातल्या असत्या ना, तुम्हाला सांगतो, तर पचल्या असत्या! शिव्या पचवायची सवय आहे आपल्याला, कारखान्याचा इलेक्ट्रिशियन म्हणजे काय, लाईट गेली की ज्याच्या खानदानाचा उद्धार होतो तो माणूस… पण शिरा? केशर घातलेला, वर बेदाणे, आणि दिला कुणी? जिच्या घरचे पंखे मी भर पंगतीत बंद पाडले तिनं! स्वतःच्या हातानं! "घ्या लोंढेभाऊ, अजून घ्या, लाजू नका." लाजू नका म्हणे! अहो बाई, मला लाज वाटतेय तिचं कारण निराळं आहे… घास मी हातातच घोळवत बसलो. बाईसाहेबांना वाटलं तूप कमी पडलं, वरनं आणखी चमचाभर तूप! काय सांगू तुम्हाला… मन खातं हो माणसाला, मन!

थांबा, असं मधूनच कळायचं नाही तुम्हाला. मी रंगनाथ लोंढे. श्रीरामपूरहून आतल्या अंगाला आमचा साखर कारखाना, तिथं मी इलेक्ट्रिशियन. आता दुष्काळाचा तो उन्हाळा तुम्ही विसरला नसालच, बाहात्तरला पाऊस गेला तो गेलाच, ऊस गुडघ्याएवढा, गाळणार काय? हंगाम लवकर आटपला, चिमणी गार पडली, आणि आमचे ओगले साहेब म्हणाले, "लोंढे, बरी सवड मिळालीय, सगळे ब्रेकर उघडून तपासू." ओगले साहेब म्हणजे आमचे इंजिनिअर, पुण्याचे. हाडाचा सज्जन माणूस, कामाला पक्का, मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलेलं. हेच तर दुखणं आहे ना! एखाद्या चोराला फसवलं असतं तर रात्री घोरत पडलो असतो.

ब्रेकर म्हणजे काय, तर आपल्या घरातलं बटण असतं ना, तेच, पण कपाटाएवढं, चाकांच्या गाड्यावर बसवलेलं आणि तीन हजारांवर व्होल्टचं. घरातलं बटण बंद करताना बारीक ठिणगी उडते, इथं जाळ उठतो, जाळ! तो जाळ वर चढतो, वर एक पेटी बसवलेली असते, तिच्यात त्याचे तुकडे तुकडे होतात आणि नुसत्या हवेत विझून जातो. तेल नाही, पाणी नाही, हवा! त्या पेटीला आम्ही शूट म्हणतो. शूट शाबूत तर आपण शाबूत. शूटला तडा गेला, तर जाळ विझायच्या ऐवजी शेजारच्या फेजवर उडी मारतो, आणि समोर उभा असलेला माणूस… जाऊ द्या, तुम्ही जेवायला बसणार असाल.

तर तपासणी. ओगले साहेबांची तपासणी म्हणजे सोवळ्यातली पूजा! सप्लाय बंद कर, अर्थिंग लाव, 'माणसे काम करीत आहेत' ची पाटी टांग, गाडा बाहेर ओढ, शूट उतरव, कॉन्टॅक्ट बघ, कोरड्या फडक्यानं पूस, मेगर लावून इन्सुलेशन बघ, मेकॅनिझमला ग्रीस लाव… "बेतानं लोंढे, बेतानं, पुरणपोळीवरचं तूप नव्हे ते!" असा माणूस.

त्या दिवशी दोन ब्रेकर काढले होते. एक बंगल्यांचा, म्हणजे साहेब लोकांच्या घरांचा, आणि दुसरा वाडीचा, म्हणजे कारखान्याला लागून असलेल्या वस्तीचा. आता आधी कुठला करायचा? बंगल्यांचा! का, तर दुपारी ओगले साहेबांकडं पाहुणे जेवायला, दुष्काळाची पाहणी करायला आलेले. श्रीखंडाचा बेत होता. दुष्काळ पाहून दमतो माणूस, भूक लागते, पंखा लागतो! म्हणून सकाळीच बंगल्यांचा ब्रेकर उघडला, साहेबांनी स्वतः बघितला, एकदम सोन्यासारखा, पुसला, लावला, पंखे गरगर चालू. साहेब पाहुण्यांसाठी घरी गेले, मग मी वाडीची लाईट बंद केली.

वाडीत लंकाबाईची पिठाची गिरणी. नवरा गेल्यावर बाईनं एकटीनं चालवलेली, आवाज असा की गिरणी चालू असली तरी बाईचंच ऐकू येतं. तिला मी आदल्या दिवशीच सांगून आलो होतो, "लंकाबाई, उद्या दुपारच्या भाकरीच्या आत लाईट देतो." ती म्हणाली, "बघा बरं का, उद्या दुष्काळी खडीच्या कामाला सुट्टी, समद्या बाया दळान घिऊन येत्याल. परत आठ दिस येता येत न्हाई त्यास्नी." मी म्हणालो, "शब्द दिला!" हे शब्द देणं मला कुणी शिकवलं देव जाणे…

गाडा बाहेर ओढला, शूट उतरवलं, बॅटरी मारली आत, आणि मधल्या फेजच्या शूटला एक रेघ! आमचा मदतनीस सहादू, माझ्यापेक्षा वयानं मोठा, त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, "आवं, केस आसंल कुनाचा तरी."

म्हणालो, "सहादूबाबा, केसाला नख अडकतं का?"

त्यानं नख फिरवलं. अडकलं. "मंग मांजराचा आसंल." आणि वरनं, "लावून टाका वो! आजपातूर काय झालंय व्हय?"

आजपर्यंत काय झालंय! तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यात हे एक वाक्य हजार माणसं भाजून काढील. नवं शूट आणायला स्टोअरमध्ये गेलो तर स्टोअरकीपर टेबलावरनं पायसुद्धा खाली घेईना. "कुठल्या फीडरला? वाडीच्या लाईनला? हॅ हॅ… बघू पुढल्या हंगामात."

परत आलो, खिडकीतनं बघतो तर समोरच्या रस्त्यानं बाया चाललेल्या. डोक्यावर गाठोडी. रेशनचं ते लाल मिलो, ज्वारी म्हणायची म्हणून ज्वारी. बारा कोसांवरनं आल्यासारखे पाय धुळीनं माखलेले, एकीच्या कडेवर पोर, आणि ते पोर गाठोड्यातनं दाणे काढून कोरडेच चघळतंय… कोरडे! मी खिडकीपासून बाजूला झालो. बाजूला झालो तर नजर कुठं गेली? बंगल्यांच्या ब्रेकरवर! त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, तीन धडधाकट शूट डोक्यावर घेऊन उभा!

"सहादूबाबा," मी म्हणालो, "पाहुणे जेवायला बसले असतील का हो?"

"आत्ताच पानं वाढली म्हनं." मग माझ्याकडं बघितलं, मग ब्रेकरकडं. "लोंढे… तुमाला नोकरी नगं झालीय का?"

आणि मी बटण दाबलं! खाट्टदिशी आवाज, बंगल्यांची लाईट गुल. अर्थिंग, पाटी, गाडा बाहेर, सगळं रीतसर हां! चोरी केली पण सुरक्षेचे नियम पाळून केली. चांगलं शूट तिकडनं काढून इकडं, तड्याचं शूट इकडनं काढून तिकडं, मेगर मारला, वाडीचा ब्रेकर आत ढकलला, चालू केला. लांबून गिरणीचा पट्टा फटफटायला लागला आणि मी भिंतीला टेकून खालीच बसलो. बरं वाटायला पाहिजे ना? नाही! मन खायला लागलं!

एवढ्यात ओगले साहेब. धोतर! पाहुण्यांसाठी सोवळ्यानं वाढत होते बिचारे, तसेच पळत आलेले, हाताला श्रीखंड. "लोंढे! लाईट? अहो पाहुणे घामाघूम झालेत!" आता तुम्हीच सांगा, दुष्काळाची पाहणी करायला आलेली माणसं, त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा घाम आला, ह्यात माझं काय चुकलं? पण बोलतो कशाला. मी म्हणालो, "साहेब, शूटला तडा सापडला."

"कुठल्या?"

समोर बंगल्याचा ब्रेकर उघडा पडलेला, त्यावर ते तड्याचं शूट. मी हात केला. नुसता हात केला! तोंडानं एक अक्षर खोटं बोललो नाही हो… पण खरंही नाही. साहेब वाकले, नख फिरवलं, आणि चेहरा असा पांढरा पडला, अगदी हातावरच्या श्रीखंडासारखा. "लोंढे, मी ह्याच्यासमोर रोज उभा राहतो." माझा हात हातात घेतला. चिकट झाला माझा हात. तो चिकटपणा अजून गेलेला नाही, तुम्हाला सांगतो, किती साबण लावला तरी!

आणि मग तो शिरा. साहेबांनी घरी सांगितलं, बाईसाहेबांनी बोलावून पाटावर बसवलं, डोळ्यांत पाणी, "लोंढेभाऊ, तुम्ही माझं कुंकू राखलंत." कुंकू म्हणजे साहेब, ते समोर बसून पान लावतंय, आणि मी शिरा गिळतोय! मन खाणार नाही तर काय करील?

म्हटलं, जिथं पुण्य केलंय तिथं तरी जाऊ, एक चांगला शब्द कानावर पडेल. गेलो लंकाबाईकडं. "काय लंकाबाई, झालं का सगळं दळण?"

"या!" कमरेवर हात. "दुपारच्या भाकरीच्या आत म्हनला हुतात न्हवं? उन्हं कलली तवा लाईट आली! निम्म्या बाया वाट बघून माघारी गेल्या. लांबच्या हुत्या, अंधार पडायच्या आत घरी जायाचं. ती कडंवर पोर घिऊन आल्याली बनुबाई, ती तर दळान तसंच उचलून गेली. आता मिलो शिजवून घुगऱ्या खातील लेकरं आठ दिस!"

मी म्हणालो, "अहो, आत बिघाड निघाला…"

"बिघाड! बंगल्यावर सकाळपासनं पंखं फिरत हुतं की! आमचंच मागनं का वो?"

तुम्हाला सांगतो, मी तिथं उभा राहिलो. गिरणीचं पीठ उडत होतं, भुवयांवर बसत होतं. ह्या बाईसाठी मी नोकरी पणाला लावली हे सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण ती म्हणत होती ते खरं होतं! वाडीचा ब्रेकर आधी उघडला असता तर तडा सकाळीच सापडला असता. सकाळीच! बनुबाई पीठ घेऊन गेली असती. शूट बदलण्याचं पाप मला दिसत होतं, पण आधी कुणाची लाईट द्यायची हे ठरवताना मला काही वाटलंसुद्धा नव्हतं. सहज केलं होतं… जसं नेहमी करतो तसं. मन खातं ते असं, भलत्याच ठिकाणी दात लावतं!

आणि इकडं ओगले साहेबांचं निराळंच सुरू झालं. माणूस जेवेना! बाईसाहेबच म्हणाल्या, "अर्ध्या भाकरीवरून उठतात हो." का, तर त्याच दिवशी सकाळी बंगल्याचा ब्रेकर साहेबांनी स्वतः बघितला होता. "लोंढे, मला तडा दिसला कसा नाही? माझी नजर गेली का? आता मी कुणाला काय शिकवू?" रोज बॅटरी घेऊन स्विचरूममध्ये, रोज सगळ्या शूटांवर नखं फिरवतायत, नखं झिजली माणसाची! जो तडा तिथं कधी नव्हताच, तो न दिसल्याबद्दल हा देवमाणूस झुरतोय. चष्माही बदलून आणला नगरहून!

मग मात्र राहवेना. स्विचरूममध्ये गाठलं, दार लावून घेतलं, म्हणालो, "साहेब, तुमची नजर ठीक आहे. तडा वाडीच्या ब्रेकरचा. मीच शूट बदललं." सगळं सांगितलं. गाठोडी, ते पोर, लंकाबाई, सगळं. "आता काढून टाका मला कामावरनं."

साहेब खोक्यावर बसले. नवा चष्मा काढला, पुसला, लावला. "म्हणजे… माझा ब्रेकर चांगला होता?"

"सोन्यासारखा, साहेब."

"आणि मी तो नीट बघितला होता?"

"अगदी नीट."

एवढा मोठा सुस्कारा सोडला, की मला वाटलं आता मेमो निघणार. तर साहेबांनी वाडीच्या ब्रेकरकडं मान वळवली. मग म्हणाले, "लोंढे, वाडीच्या फीडरची जादा शूट आपण केव्हापासून मागतोय?"

"मी लागलो तेव्हापासून, साहेब."

"आणि बंगल्याची कशी आली?"

कशी आली! वरच्या लोकांनी ऐकलं बंगल्याला तडा, तशी जीप पिटाळली पुण्याला, एक मागितलं तर अख्खा संच आला, स्टोअरकीपर स्वतः उचलून घेऊन आला, पाय जमिनीवर ठेवून!

साहेब उठले. दाराबाहेर डोकावले. आणि आवाज उतरवून, कधी खोटं न बोललेला तो माणूस म्हणतो, "वाडीच्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर जळायला आलाय ना? मग… तो आमच्या बंगल्यात जळालाय असं कळवू या. आणि हे बघा, पुढच्या तपासणीला आधी वाडी."

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, वाडीत काही झिजू दे, तुटू दे, करपू दे, बिघडतं ते ओगले साहेबांच्या बंगल्यातच, आणि दुरुस्तही होतं! वाडी चालतेय झकास. फक्त बाईसाहेब बिचाऱ्या काळजीत, "लोंढेभाऊ, आमच्याच घरात सारखं काहीतरी जळतं, कुणाची तरी दृष्ट लागलीय हो ह्या घराला." परवा त्यांनी लिंबू-मिरची आणली, आणि शिडीवर चढून दाराला बांधायला घरातला माणूस म्हणून मलाच बोलावलं… साहेब खाली शिडी धरून उभे, वर बघायला तयार नाहीत. काय करणार? बांधली!