सोपानरावांचा ठेचा

पांडुरंगाला हात जोडा आणि मला एवढं सांगा, मंडळी — माणूस कुणाचा असतो? हसू नका! उत्तर आख्यानात आहे.

एक होतं राज्य. तिथं विधिमंडळाची दोन सभागृहं. निवडणुका झाल्या, आणि खालचं सभागृह गेलं छत्रीवाल्यांकडे, वरचं घागरवाल्यांकडे! तिथली रीत अशी — ज्यांचं बहुमत, त्यांची पाटी मोठ्या दरवाजावर. आता पाटी कुणाची? भांडण! शेवटी दोन दरवाजे, दोन पाट्या. मग उपाहारगृहातल्या टेबलांनासुद्धा पाट्या! डाळ एकाच पातेल्यातली बरं का!

छत्रीवाल्यांत होते दत्ताराम घाडी, घागरवाल्यांत सोपानराव निंभोरे. जुने दोस्त. दत्तारामांची भाकरी, सोपानरावांचा ठेचा — दुपारचं जेवण वर्षानुवर्षं एकत्र. आता टेबलं वेगळी!

एक दिवस सोपानरावांनी लांबूनच ठेच्याचा डबा उंच धरला. "दत्तू, येतोस का रे?"

सगळ्या माना वळल्या. आणि दत्तारामांनी काय केलं? खाली बघितलं! फितूर म्हणतील ना! सोपानरावांनी डबा खाली ठेवला, झाकण लावलं. त्या दिवशी दोघंही एकटेच जेवले, भरल्या टेबलावर.

पुढच्या अधिवेशनाआधी सोपानराव गेले.

दोन्ही सभागृहांची मिळून शोकसभा भरली. घागरवाले बोलले — "आमचा नेता गेला." छत्रीवाले बोलले — "आमचा विरोधक गेला." दत्ताराम उठले. अध्यक्षांनी विचारलं, "आपण कोणत्या पक्षातर्फे?"

"साहेब, मी... त्याच्यातर्फे."

"तशी तरतूद नाही. बसा."

बसले हो! दुपारी घागरवाल्यांच्या टेबलावर जाऊन बसले, सोपानरावांच्या जागी. कुणी उठवलं नाही, कुणी जवळही आलं नाही. फडक्यातली भाकरी सोडली. कोरडीच, ठेच्याशिवाय. म्हणाले, "सोपान, आलो बघ." ऐकायला होतं कोण?

मंडळी, त्या माणसाचं मला फार वाईट वाटतं. हाक आली तेव्हा चार पावलं चालायची होती फक्त!

आणि का सांगतोय? मघाशी मागं डोकावलो. महाप्रसादाच्या दोन पंगती मांडल्यात — एक सरपंचांच्या गटाची, एक उपसरपंचांची. देवळात! मला दोन्हीकडून बोलावणं आहे. मी इथंच बसतो, विणेकऱ्याजवळ. दोन्हींची मिळून एकच पंगत झाली की हाक मारा. तोवर हा म्हातारा उपाशी.

बोला, पुंडलिक वरदे...! अहो, एका सुरात बोला की!