वळूला मारलेला डोळा

...आणि वर मलाच विचारायचे, डेल्मर, हल्ली तू हसत का नाहीस? अरे, हसू कशानं? अर्धं तोंड बंद पडलं होतं माझं! तुम्हाला सांगतो, माणसाचा पाय मोडला तर लोक दार तरी उघडून देतात, पण अर्धा चेहरा गेला ना, की सगळ्यांना वाटतं हा आपल्यावर रागावलाय. एकदा चर्चमध्ये पाद्रीबाबांनी प्रवचन मध्येच थांबवून विचारलं, "काही चुकलं का माझं?"

केलं कुणी हे? माझ्याच लाल वळूनं! मी फाटक लावतोय, त्यानं पलीकडून दिली ढुशी, फाटक आलं ते थेट कानापाशी, आणि आतली, चेहरा हलवणारी नस तुटली. बरं, नुसती तुटावी की नाही? मधला तुकडाच गायब! ओमाहाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही टोकं एकमेकांना पोचत नाहीत, मिस्टर हृष्का. मध्ये नळी बसवू. तुमच्या मापाची छापून घेऊ." छापून? म्हटलं, बाई, माझी नस आहे की लग्नपत्रिका? तर म्हणे तसला प्रिंटर असतो, शरीराला चालेल अशा मालाची नळी थरावर थर देऊन काढतो, शेवयीएवढी, तिच्यातून नस आपली आपण पलीकडे सरकते आणि मग नळी जाते विरघळून. बसवली नळी. म्हटलं, ते सगळं ठीक, हसू कधी येणार? "येईल हो. धीर धरा, नस वाढतेय."

धीर धरा! यांचं काय जातंय बोलायला? सूप प्यायलो की निम्मं शर्टावर. डोळा मिटत नाही म्हणून झोपताना लव्हॉन, माझी बायको, पापणीला चिकटपट्टी लावते, पाकीट बंद करावं तशी! फोन करावा तर तेच... "धीर धरा, नस वाढतेय." वाढतेय म्हणजे किती? दिवसाला तांदळाच्या दाण्याएवढीसुद्धा नाही! 

तेही सोसलं असतं हो... पण नात झाली. मेझी. सुनेनं कौतुकानं मांडीवर दिली. पोरीनं माझ्या एका गालाकडे बघितलं, मग दुसऱ्या गालाकडे बघितलं, आणि असा टाहो फोडला की कुत्रं अंगणातून पळालं! दर रविवारी तेच. लव्हॉन म्हणते, "डेल्मर, तू जरा चांगली बाजू पुढे करून बस ना!" मी काय भिंतीवरचा फोटो आहे? पोर रडते, सून ओशाळते, मी बाहेर. गोठ्यात जाऊन रडलो मी, खोटं कशाला सांगू? एवढा मोठा बाप्या, आणि मागणं काय, तर नातीनं आपल्याला बघून भोकाड पसरू नये! आरशासमोर उभा राहून बोटानं ओठ वर ढकलायचो... सोडला की खाली. धीर धरा, नस वाढतेय!

शेवटी म्हटलं, नस वाढायची तेव्हा वाढो, वळू तर जाऊ दे! काढला लिलावात. सगळं घर आलं, मेझीसकट. आता आमच्याकडे बोली हात वर करून लावत नाहीत, शेजाऱ्याला कळेल ना! कुणी टोपीला हात लावतो, कुणी डोळा मिचकावतो, आणि पुकारणारा ऑरिन एक इशारा चुकवत नाही. वळू आला रिंगणात. ऑरिन सुटला, "तीन हजार, तीन हजार, कोण देतं एकतीसशे?" शेजारच्या एमेटनं टोपीला हात लावला. मला काय, कोणीही न्या!

तेवढ्यात माझ्या गालात मुंग्या आल्या. शेजारी सुनेच्या मांडीवरची मेझी टकामका बघतेय. आणि ओठाचं टोक... हललं हो! बोट न लावता! पोर रडली नाही. बघितलं, आणि हसली, ते नुसतं हिरड्यांचं हसू! मग मी कशाला थांबतो? मी हसलो, ती हसली, मी आणखी हसलो, पलीकडे ऑरिन ओरडतोय, एमेट टोपीला हात लावतोय, लव्हॉन कोपरानं ढोसतेय, माझं लक्षच नाही, मी हसतोय!

"एक वार, दोन वार, तीन वार! डेल्मर हृष्काचा वळू... डेल्मर हृष्काला!"

मला?! ऑरिन म्हणतो, "तूच तर डोळा मारत होतास! अर्धा चेहरा मेलेला, त्यातून एवढा डोळा मारतोस, म्हटलं जीव जडलाय याचा वळूवर!" 

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हटलं, तोंडाची नस डोळ्यात शिरली! हसलो की डोळा मिटतो! तर बाई खूश, "हसलात? अभिनंदन! काही तंतू वाट चुकतात, व्यायामानं सुधारेल. धीर धरा..." म्हटलं, कळलं, नस वाढतेय!

तर आता वळू परत त्याच फाटकाआड. रोज संध्याकाळी मेझीला कडेवर घेऊन तिथं उभा राहतो. ती वळूला बघून हसते, तिला बघून मी हसतो, डोळा मिटतो, आणि तो मेला, माझं तोंड वाकडं करणारा, लाजल्यासारखी मान फिरवतो! एमेट विचारतो, "परत कधी काढतोस विकायला?" कसा काढू, तुम्हीच सांगा! तो विकला जाईपर्यंत मी हसायचं नाही म्हणे...

राहू दे वळू.